वस्ताद आणि उस्ताद

१९६१ साल. निजामाची राजवट जाऊन तेरा वर्षे झाली होती आणि महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन जेमतेम एक. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची स्पर्धा भरली आणि सांगलीच्या दिनकर दह्यारी यांनी मैदान मारले. त्यांना मिळालेला किताब त्याआधी कुणालाच मिळाला नव्हता. तो किताब म्हणजे महाराष्ट्र केसरी. पुढच्या साठ-पासष्ट वर्षांत ज्या दोन शब्दांसाठी खेड्यापाड्यांतल्या हजारो पोरांनी पहाटे चारला उठून जोर-बैठका मारल्या, त्यांचा पहिला उच्चार मराठवाड्याच्या या शहरात झाला. ही गोष्ट मराठवाड्यातही फारशी कुणाच्या लक्षात नाही, ती असायला हवी.

कुस्तीचे मैदान म्हटले की हलगी आलीच. हलगीवाला आधी शेकोटी पेटवतो. तिच्या धगीवर हलगीचे कातडे शेकत राहतो, मधूनच बोटाने टिचकी मारून पाहतो, पुन्हा शेकतो. कातडे ताणले गेले, आवाज कडक झाला, की एका हातात बारीक काडी, दुसऱ्या हातात जाड टिपरू घेऊन तो हौद्याच्या कडेला उभा राहतो. जोडीला घुमके आणि कैताळ. पैलवान सलामीला आले की ठेका संथ असतो. खडाखडी सुरू झाली की तो चढतो, आणि एखाद्याने पट काढून दुसऱ्याला खाली आणला की मैदानातल्या माणसांच्या छातीचे ठोके आणि हलगीचे ठोके वेगळे काढता येत नाहीत. हे वाजवणारे हात बहुतेक मातंग समाजाचे. गावच्या देवळाची पायरी ज्यांना बंद होती, त्यांच्या वाद्यावाचून गावची कुस्ती मात्र सुरू होत नव्हती.

खेळ आणि संगीत यांची ही जोडी मराठी मुलखात कुणी मुद्दाम लावलेली नाही. गावची जत्रा घ्या. सकाळी पालखी, दुपारी कुस्त्या, रात्री तमाशा किंवा भारूड. दुपारी भरतो तो कुस्त्यांचा फड आणि रात्री उभा राहतो तो तमाशाचाही फडच. दोन्हीकडे इनाम लागते, दोन्हीकडे जोड बघितली जाते. एका शाहिराच्या सवालाला दुसऱ्याचा जवाब आला नाही तर तोही चितपट झाला असेच म्हणतात.

भाषेत तर हे नाते आणखी खोल गेले आहे. पैलवान जिथे घाम गाळतो ती जागा तालीम. गवयाला गुरूकडून मिळते तीही तालीमच. पैलवानाला शिकवणारा वस्ताद, गवयाला शिकवणारा उस्ताद. शब्द एकच, फक्त मराठी जिभेवर मातीत लोळून आलेला. दोन्हीकडे शागिर्दाला गंडा बांधतात, दोन्हीकडे रोजच्या कष्टाला मेहनत म्हणतात, दोन्हीकडे खलिफा असतो. या दोन विद्या एकाच जातीच्या आहेत, हे शब्दांनी केव्हाच ओळखले होते. एका राजाने ते ओळखले आणि दोघींना शेजारी शेजारी घरे बांधून दिली. ते गाव कोल्हापूर.

शाहू महाराजांनी २ एप्रिल १८९४ रोजी कोल्हापूरचा कारभार हाती घेतला तेव्हा त्यांचे वय विसाच्या आत होते. ते धिप्पाड होते आणि कुस्तीचे त्यांना वेड होते. स्वतः लांग चढवून ते हौद्यात उतरत. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते इंग्लंडला गेले. त्याच वर्षी २६ जुलैला, महाराज परदेशात असतानाच, संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांना पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा त्यांचा हुकूम प्रसिद्ध झाला. याच प्रवासात त्यांनी रोमची पुरातन वर्तुळाकार क्रीडागारे पाहिली. परत आले ते तसेच एक मैदान डोक्यात घेऊन.

१९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले. मधोमध हौदा, भोवती चढत जाणारी गोल बैठक, आणि पंचवीस-तीस हजार माणसे बसली तरी कुणाच्या नजरेआड काही जाऊ नये अशी रचना. हौद्यातली माती साधी नसते. तांबडी माती चाळून तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबाचा रस घालतात आणि खोऱ्याने उकरून उकरून ती लोण्यासारखी मऊ करतात. जखम झाली तर चिघळू नये आणि पडला तर पैलवानाचे हाड शाबूत राहावे, म्हणून ही सगळी खटपट. त्या मातीची चिमूट कपाळाला लावल्याखेरीज कोणी शड्डू ठोकत नाही.

योगायोग असा, की त्याच १९१२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत बोस्टनला फेनवे पार्क हे बेसबॉलचे मैदान सुरू झाले. तेही आज उभे आहे आणि तिथेही खेळ चालू आहे. ही दोन मैदाने ज्या जगांत उभी राहिली त्यांत मात्र एक अंतर होते, आणि ते पाहण्यासाठी दोन वर्षे मागे जावे लागते.

१९१० चा उन्हाळा. ४ जुलैला अमेरिकेतल्या रेनो गावी जॅक जॉन्सन या कृष्णवर्णी मुष्टियोद्ध्याने जेम्स जेफ्रीजला लोळवले. गोऱ्यांची आशा म्हणून जेफ्रीजला निवृत्तीतून बाहेर काढून आणले होते. निकाल तारेने पोचताच अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत दंगली पेटल्या, काळ्या माणसांना शोधून मारले गेले. खेळातला विजय तिथे सहन झाला नाही. त्यानंतर महिन्याभरात, ऑगस्टमध्ये, लंडनला गामा पैलवानाने अमेरिकेच्या डॉक्टर बेंजामिन रोलरला पाडले आणि त्याचा भाऊ इमामबक्ष यानेही युरोपातले नावाजलेले मल्ल आस्मान दाखवून परत पाठवले. हाच इमामबक्ष पुढे खासबागेत उतरला. गुलाम मोहिद्दीनबरोबर झालेली त्याची कुस्ती त्या मैदानाच्या सुरुवातीच्या गाजलेल्या कुस्त्यांपैकी एक. पंजाबचे मुसलमान पैलवान, अंगाला कोल्हापूरची माती, बैठकीवर मराठा, महार, जैन, मुसलमान, ब्राह्मण असे सगळे, आणि कौतुकाला राजा स्वतः हजर.

शाहू महाराजांनी उत्तरेतून पैलवान बोलावले, त्यांच्या खुराकाची सोय संस्थानातून लावली आणि त्यांच्या डावपेचांवर कोल्हापूरची पोरे घडवली. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी, मठ अशा तालमींची नावे पुढे साऱ्या महाराष्ट्राला पाठ झाली. कोल्हापुरात तालीम हा नुसता आखाडा नव्हे. तिथेच गणपती बसतो, तिथेच मोहरमचा पंजा बसतो. बाबूजमाल दर्ग्याच्या दाराच्या चौकटीवर गणपती कोरलेला आहे. त्याच्याखालून वाकून आत जाणाऱ्यांना त्यात काही नवल वाटत नाही.

संगीताच्या बाबतीत महाराजांचा हात तितकाच सढळ होता. अल्लादिया खाँ १८९५ च्या सुमारास कोल्हापूर दरबारी रुजू झाले. उत्तरेतला हा गवई तोवर एका मोठ्या आपत्तीतून गेला होता. एका संस्थानिकाच्या हट्टापायी दिवसरात्र गाऊन गाऊन त्यांचा आवाज बसला आणि बराच काळ तो परत आला नाही. आला तेव्हा पूर्वीची चपळ फिरत त्यात नव्हती. दुसरा कोणी असता तर तंबोरा गवसणीत घालून गप्प बसला असता. खाँसाहेबांनी उरलेल्या आवाजाला साजेल अशी नवी गायकीच घडवली. लयीच्या अंगाने जाणाऱ्या, वळत वळत, अनपेक्षित जागी मुरडणाऱ्या ताना, अनवट आणि जोड राग, आणि या सगळ्या गुंत्यातून समेवर अचूक येणे. आखाड्यातला जाणता माणूस हे ऐकून मान डोलावणारच. ताकद कमी पडली की डाव सुधारायचा, हे कोणताही वस्ताद पोराला शिकवतोच. जयपूर-अत्रौली घराणे म्हणून आज जे ओळखले जाते, त्याची पक्की बांधणी कोल्हापुरात झाली.

दरबारातले हे गाणे सामान्य माणसापर्यंत पोचले नाटकातून. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे खाँसाहेबांच्या गायकीत मुरलेले. १९११ साली ‘मानापमान’ला त्यांनी चाली दिल्या आणि ज्या माणसाने आयुष्यात कधी मैफल ऐकली नव्हती, तो टांग्यात बसून ख्यालाच्या अंगाची पदे गुणगुणू लागला. भास्करबुवा बखले हेही खाँसाहेबांकडे शिकलेले. त्यांनी पुढे बालगंधर्वांना घडवले.

बालगंधर्वांच्या कहाणीतही शाहू महाराज आहेत. नारायण राजहंस हा पोरसवदा गायक कोल्हापूरला आला, गायला, आणि त्याला ऐकायला कमी येते हे महाराजांच्या लक्षात आले. त्यांनी त्याला मिरजेला डॉक्टर वानलेस यांच्याकडे उपचाराला पाठवले. वानलेस हे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर, मिरजेचे मोठे रुग्णालय त्यांनीच उभे केलेले. मिरजेतच किर्लोस्कर नाटक मंडळीशी त्याचा संबंध आला आणि १९०५ साली तो कंपनीत दाखल झाला. मराठी रंगभूमीच्या सर्वांत लाडक्या आवाजामागे एका राजाचे कान आणि एका मिशनरी डॉक्टरचे हात होते.

१९१३ साली खासबागेच्या पाठीला पाठ लावून पॅलेस थिएटरचे बांधकाम सुरू झाले आणि १९१५ मध्ये ते खुले झाले. प्रेक्षागृहात मध्ये एकही खांब नव्हता. मागे बसणाऱ्यालाही नाटक पुरते दिसले पाहिजे, हा खासबागेतलाच विचार इथे छपराखाली आला. एका आवारात कुस्तीचे मैदान आणि नाट्यगृह बांधायचे हे नगररचनेतले निव्वळ सोयीचे काम नव्हते. नाटकाला जाणारा माणूस वेगळा आणि कुस्तीला जाणारा वेगळा, ही समजूत तिथे त्या दगडांनी मोडली. एकाच वाटेने दोघे यायचे, एकाच चहाच्या टपरीवर थांबायचे.

या रंगमंचाचा राजा केशवराव भोसले. जन्म कोल्हापूरचा, ९ ऑगस्ट १८९०. घरची गरिबी, शाळा जवळपास नाहीच. लहान वयात नाटक कंपनीत शिरलेला हा मुलगा ‘शारदा’च्या भूमिकेने गाजला आणि १ जानेवारी १९०८ रोजी, वयाची अठरा वर्षेही पूर्ण नसताना, त्याने हुबळीला स्वतःची ‘ललितकलादर्श’ ही कंपनी काढली. त्यांचा आवाज उंच, तडफदार, दूरवर फेकला जाणारा. कोल्हापूरकर अजून सांगतात, की महाराजांच्या मनात आले म्हणून केशवरावांनी ‘मृच्छकटिक’चा प्रयोग थेट खासबागेच्या उघड्या मैदानात केला. ध्वनिक्षेपकाचे ते दिवस नव्हते. जिथे दुपारी शड्डू घुमायचे तिथे हजारो माणसांनी श्वास रोखून गाणे ऐकले, आणि त्यांतली कितीतरी माणसे अशी होती की तिकीट काढून नाटकाला जाणे त्यांच्या स्वप्नातही नव्हते.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. त्या रात्रीबद्दल मराठी माणूस अजून कुस्तीच्या दंगलीची भाषा वापरतो. कोण कोणाला भारी पडला, कोणत्या पदाला कोणी बाजी मारली. त्यानंतर तीन महिनेही झाले नाहीत तोच, ४ ऑक्टोबर १९२१ ला केशवराव विषमज्वराने गेले. वय एकतीस. पुढच्या वर्षी ६ मे १९२२ रोजी शाहू महाराजही गेले. अल्लादिया खाँ मुंबईला निघून गेले. अवघ्या आठ महिन्यांत कोल्हापूरचा तो काळ संपला.

अमेरिकेत याच काळात खेळ आणि संगीत वेगळ्या रस्त्याने जवळ येत होते. तिथे राजा नव्हता. होती तिकीट घेणारी गर्दी. १९१८ च्या सप्टेंबरमध्ये, महायुद्ध चालू असताना, शिकागोत बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा पहिला सामना रंगला होता. मधल्या विश्रांतीत बँडने एक देशभक्तीचे गीत वाजवले. खेळाडू सावध उभे राहिले, प्रेक्षक उभे राहून गाऊ लागले. तेव्हा ते गीत अधिकृत राष्ट्रगीत नव्हते. ते झाले १९३१ साली. मैदानाने आधी स्वीकारले, कायदा मागून आला. वर्णभेदाच्या बाबतीतही थोडेफार तसेच घडले. १९३८ च्या जानेवारीत बेनी गुडमनने न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये काळ्या आणि गोऱ्या वादकांना एका मंचावर बसवले. १९४७ च्या एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून उतरला आणि वरच्या दर्जाच्या बेसबॉलमधली रंगाची भिंत पडली. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरायला १९५४ उजाडावे लागले. वाद्यवृंद आणि खेळाचे मैदान न्यायालयाच्या पुढे चालत होते.

कोल्हापुरात एका माणसाने हुकूम आणि हौदा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हाती घेतल्या होत्या, म्हणून तिथला अनुभव वेगळा. पण राजाश्रयाची एक मर्यादा असते. राजा गेला, संस्थान गेले, की पुढे काय? या प्रश्नाचे उत्तर खाशाबा जाधवांच्या आयुष्यात आहे.

कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत होता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला तो गेला तो कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला म्हणून. जन्मभर मातीत खेळलेल्या पोराने तिथे गादीवरची कुस्ती आणि तिचे नियम नव्याने शिकले. त्याला शिकवायला उभा राहिला अमेरिकन मल्ल रीस गार्डनर. खाशाबा सहावे आले. पुढच्याच वर्षी, १ मार्च १९४९ ला, कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५२ ला हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा खर्च उचलणारा महाराजा नव्हता. खाशाबांनी गावोगाव मदत मागितली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर शंभराहून जास्त बैलगाड्यांच्या मिरवणुकीने त्यांना गावात आणले. ज्या शिक्षकाने घर गहाण टाकले, त्याचे कर्ज फेडायला खाशाबांनी मग कुस्त्यांची मैदाने भरवली.

गाण्याच्या बाजूलाही वारसा असाच माणसांनी सांभाळला. गोव्यातल्या केरी गावची केसरबाई आठ वर्षांची असताना काही महिने कोल्हापूरला अब्दुल करीम खाँकडे शिकली होती. पुढे १९२१ पासून तिने अल्लादिया खाँची तालीम घेतली, आणि ती तालीम खाँसाहेब १९४६ साली जाईपर्यंत चालली. पंचवीस वर्षे. इतकी वर्षे एका वस्तादाच्या हाताखाली राहणारा पैलवानही दुर्मीळच. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर याने अवकाशात सोडली, तेव्हा त्यांच्यावर पृथ्वीवरच्या संगीताचे सत्तावीस तुकडे असलेली सोनेरी तबकडी बसवली. तिच्यात लुई आर्मस्ट्राँग आहे, चक बेरी आहे, ब्लाइंड विली जॉन्सन आहे, आणि भारताच्या वतीने आहे केसरबाईंची भैरवी. दुसरे यान ५ सप्टेंबरला सुटले. १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. त्यांचा आवाज आता सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर आहे.

महाराष्ट्र केसरीचा पहिला उच्चार जिथे झाला त्या मराठवाड्याचे कोल्हापूरशी नाते जुळले ते हरिश्चंद्र बिराजदारांच्या रूपाने. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचा हा पोरगा पैलवानकीसाठी घर सोडून कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत आला. १९६९ साली लातूरला, आपल्याच मुलखातल्या लोकांसमोर तो महाराष्ट्र केसरी झाला, आणि पुढच्या वर्षी एडिंबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सोने घेऊन आला. नंतर पुण्यात त्यांनी वस्ताद म्हणून पोरे घडवली. त्यांतला एक बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला राहुलने राष्ट्रकुलचे सुवर्णपदक जिंकले. वस्तादांना जाऊन तेव्हा साडेसहा वर्षे झाली होती. राहुलने ते पदक त्यांनाच वाहिले.

पॅलेस थिएटरला १९५७ साली केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्याला आग लागली. सागवानी रंगमंच, छप्पर, पडदे, खुर्च्या सगळे जळाले. बातमी कळताच शहरातले नट, वादक, तंत्रज्ञ धावत आले आणि रस्त्यावर उभे राहून लहान मुलांसारखे रडले.  दुसरा दिवस उजाडला तो केशवरावांच्या एकशे चौतिसाव्या जयंतीचा. धूर अजून निघत होता. शाहू महाराजांनी उभारलेल्या दगडी भिंती तेवढ्या जागेवर होत्या.